जकातवाला लाव्हाझिए

जानेवारी उजाडला की दिंडोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात वाइनची द्राक्षं उतरायला लागतात. खायच्या द्राक्षाचा आकार आणि रंग बघतात, वाइनच्या द्राक्षाची आधी ब्रिक्स बघतात. रसाचा थेंब मीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आकडा वाचायचा. २२ ब्रिक्स म्हणजे शंभर किलो रसात बावीस किलो विरघळलेला ऐवज, आणि त्यातली बहुतेक साखरच. एक टन रस टाकीत भरला तर त्यासोबत दोनशे किलोच्या वर साखर आत गेली, म्हणजे पन्नास किलोची चार पोती. यीस्ट टाकलं की टाकी उकळल्यासारखी बुडबुडायला लागते आणि दोनेक आठवड्यांत रसातली गोडी संपते.

चार पोती साखर गेली कुठे?

निम्म्याची अल्कोहोल झाली आणि ती टाकीतच राहिली. निम्मी वायू होऊन टाकीच्या तोंडातून निघून गेली. शंभर किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आकारमानाने पन्नास हजार लिटरच्या वर. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खालीच रेंगाळतो. आंबवणाच्या शेडमध्ये वारा खेळता ठेवतात आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत कोणाला एकट्याने उतरू देत नाहीत, ते याच भीतीने. टनभर रस भरला होता, पण आता वजन केलं तर माल नऊशे किलोच्या आसपास भरेल.

आंबवणाचा असा पैन् पैचा हिशोब कागदावर मांडला पॅरिसमधल्या एका माणसाने, १७८९ साली. शंभर भाग साखर, चारशे भाग पाणी, दहा भाग यीस्ट, एकूण ५१० असं त्याने एका बाजूला लिहिलं. दुसऱ्या बाजूला आंबून झाल्यावर काय काय मिळालं ते लिहिलं आणि त्याची बेरीजही ५१० आणली. मग एक ओळ लिहिली: द्राक्षाचा रस = कार्बॉनिक आम्ल (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड) + अल्कोहोल. रासायनिक समीकरणाच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक. आपण शाळेत जो द्रव्य अक्षय्यतेचा नियम घोकला, म्हणजे कुठल्याही क्रियेत नवं द्रव्य तयार होत नाही आणि असलेलं नाहीसं होत नाही, तो त्याच्या ग्रंथात याच आंबवणाच्या प्रकरणात येतो. नियमाचं गाव म्हणायचं तर वाइनची टाकी.

खरं सांगायचं तर त्याचे आकडे चुकले होते. त्याच्या हिशोबात शंभर भाग साखरेतून वायू पस्तीस भागच निघाला आणि अल्कोहोल सत्तावन्नच्या वर भरली. आजच्या मोजणीत दोन्ही जवळपास सारखी येतात. तरीही बेरीज इतकी चोख जुळते की संशय यावा. आकडे चुकलेले असूनही ताळेबंद जुळू शकतो, हे कुठल्याही जुन्या हिशोबनिसाला विचारा. पण दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, आणि जुळत नसतील तर काहीतरी नजरेतून सुटलंय, हा त्याचा हट्ट मात्र आजही रसायनशास्त्राचा पाया आहे.

हा माणूस म्हणजे आंत्वान लाव्हाझिए. हा हट्ट त्याच्याकडे आला कुठून, हे मला त्याच्या प्रयोगांइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याची कमाई प्रयोगशाळेतून येत नव्हती. तो कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता. जमाखर्चाच्या ज्या सवयीने त्याने रसायनशास्त्र उभं केलं, त्याच सवयीने त्याने पॅरिसभोवती जकातीची भिंत उभी करायला लावली. पहिल्या कामामुळे त्याचं नाव राहिलं आणि दुसऱ्यापायी त्याची मान गेली.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याचे ऐन भरातले दिवस म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. पंचवटीत काळारामाचं आजचं दगडी मंदिर उभं राहिलं तेही साधारण याच सुमाराला. महादजी शिंदे वारले फेब्रुवारी १७९४ मध्ये. लाव्हाझिए त्यानंतर तीन महिन्यांनी गेला.

जन्म २६ ऑगस्ट १७४३, पॅरिस. घर खात्यापित्या वकिलाचं, आई लहानपणीच गेली. वडिलांच्या इच्छेखातर तो कायदा शिकला, सनदही मिळवली, पण वकिली केली नाही. भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर हिंडून दगड-माती तपासली, पॅरिसचे रस्ते रात्री कसे उजळावेत यावर निबंध लिहून राजाकडून सुवर्णपदक मिळवलं. १७६८ मध्ये, पंचविशीच्या आत, त्याला विज्ञान अकादमीत जागा मिळाली. त्याच वर्षी आईकडून आलेल्या पैशातून त्याने करमक्त्यात भागीदारी घेतली, एका भागीदाराच्या हिश्श्यातला तिसरा भाग.

हा मक्ता समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. फ्रान्सच्या राजाला पैसा आगाऊ हवा होता आणि वसुलीची कटकट नको होती. म्हणून मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचे कर गोळा करण्याचं काम काही धनिकांच्या कंपनीला सहा-सहा वर्षांच्या करारावर दिलेलं होतं. ठरलेली रक्कम राजाला द्यायची, वर जे उरेल ते आपलं. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने द्यायला लागले तेव्हा रयतेचे काय हाल झाले, हे इतिहासात वाचलेलं असेलच. तिथेही फार वेगळं नव्हतं. काही प्रांतांत तर आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ विकत घ्यायची सक्ती होती, लागो न लागो. मक्तेदारांचे बंदूकधारी शिपाई घरात घुसून झडती घेत. लोकांना राजापेक्षा या मंडळींचा राग जास्त होता.

लाव्हाझिएला पैसा हवा होता तो बराचसा प्रयोगांसाठी. त्याच्यासारखे अचूक काटे त्या काळी फार थोड्यांकडे होते, आणि ते स्वस्त नव्हते. दिवसाचा मधला भाग कचेरीत, सकाळी आणि संध्याकाळी काही तास विज्ञान, आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस प्रयोगशाळेत, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

त्याची पद्धत कळायला सुरुवातीचा एक प्रयोग पुरेसा आहे. पाणी पुन्हा पुन्हा उकळलं की भांड्याच्या तळाशी माती उरते, म्हणजे पाण्याची माती होते, असं तेव्हा बरेच विद्वान मानत. लाव्हाझिएने शुद्ध पाणी काचेच्या एका बंद भांड्यात भरलं. त्या भांड्याला दोन नळ्या अशा जोडलेल्या होत्या की वाफ वर जाऊन, थंड होऊन, पुन्हा आतच उतरावी. भांडं आधी तोललं, पाणी तोललं, आणि १०१ दिवस मंद आचेवर ठेवलं. शेवटी पाण्यात पांढुरके कण दिसले. त्याने सगळं परत तोललं. पाणी होतं तेवढंच होतं, भांडं मात्र हलकं झालं होतं, आणि भांड्यात आलेली तूट आणि निघालेली 'माती' यांचा मेळ बसत होता. माती काचेतून विरघळून आली होती. या सगळ्यात नवीन असं काही रसायन नव्हतं, फक्त भांडंही तोलायला हवं हे त्याला सुचलं.

आता मुख्य प्रकरण, जळण्याचं.

जुन्या नाशकात तांबट लेनच्या आणि भांडी बाजाराच्या आसपास तांब्या-पितळेचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय. कल्हई होताना जवळ उभं राहून बघितलं असेल तर पुढचं सगळं डोळ्यांसमोर येईल. भाता चालतो, कोळसा लाल होतो, घासलेलं पातेलं आचेवर फिरवतात. तापलेल्या तांब्यावर बघता बघता काळपट थर धरतो. मग नवसागराची चिमूट पडते, नाकात जाणारा पांढरा धूर उठतो आणि धातू खालून लख्ख होतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची, कथील वितळून पसरतं, कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. हात चलाख हवा, कारण वितळलेलं कथील हवेत तसंच तापत राहिलं तर त्यावर मळकट साय धरते आणि चमक जाते. ही साय म्हणजे कथलाचं भस्म. आयुर्वेदातल्या वंगभस्मात मुख्यतः हेच असतं.

धातू तापवला की भस्म होतं, हे भारतात, अरबांकडे, युरोपात सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न होता, का होतं? युरोपातलं तेव्हाचं उत्तर होतं फ्लॉजिस्टन. जर्मन वैद्य श्टाल याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते रूढ केलं. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचं एक तत्त्व असतं, जळताना ते बाहेर पडतं, आणि मागे उरते ती राख किंवा भस्म. लाकूड जळून चिमूटभर राख उरते, हे या उत्तरात फिट्ट बसतं. भस्म कोळशाबरोबर तापवलं की परत धातू मिळतो, हेही बसतं. कोळशात फ्लॉजिस्टन ठासून भरलेलं, ते त्याने भस्माला दिलं. बंद भांड्यात ज्योत विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते आणि आणखी मावत नाही. या कल्पनेला आज हसणं सोपं आहे. शंभर वर्षं हुशार माणसांनी ती मानली, कारण तिने खरोखरच पुष्कळ गोष्टी एका सूत्रात आणल्या होत्या.

अडचण एकच होती, आणि ती काट्यावर दिसत होती. शंभर ग्रॅम कथलाचं पूर्ण भस्म केलं तर ते सुमारे १२७ ग्रॅम भरतं. काहीतरी बाहेर गेलं असेल तर वजन वाढेल कसं? काहींनी फ्लॉजिस्टनला उणं वजन असतं असं सांगून पाहिलं. बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला, कारण वजन हा त्यांच्या लेखी मुख्य पुरावाच नव्हता. रंग, वास, चव, गुण हे पुरावे. रोज खतावणी लिहिणाऱ्या माणसाला मात्र जमेच्या बाजूला सत्तावीस जास्त आले तर झोप लागत नाही.

१७७२ च्या शरद ऋतूत लाव्हाझिएने गंधक आणि फॉस्फरस जाळून बघितले, आणि तेही जळताना वजनाने वाढतात हे त्याला दिसलं. १ नोव्हेंबरला त्याने ही गोष्ट एका कागदावर लिहून, लाखेने बंद करून अकादमीच्या स्वाधीन केली. दुसऱ्या कोणी आधी दावा करू नये म्हणून. कायदा शिकलेला माणूस, त्याने आधी तारीख पक्की केली.

१७७४ मध्ये त्याने कथील घेतलं. काचेच्या भांड्यात ठेवून भांड्याचं तोंड वितळवून बंद केलं, तोललं, तापवलं. काही कथलाचं भस्म झालं, मग होईना. भांडं गार करून न उघडताच परत तोललं. वजनात फरक नाही. म्हणजे आगीतून काचेच्या आरपार काही आत शिरलेलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बॉइलने असाच प्रयोग केला होता, पण त्याने भांडं उघडल्यावर तोललं, वजन वाढलेलं बघितलं, आणि आगीचे कण काचेतून आत आले असा निष्कर्ष काढला. लाव्हाझिएने तोललं आधी आणि उघडलं नंतर. उघडताना सूं करून बाहेरची हवा आत गेली. आता तोललं तर वजन वाढलं होतं, आणि कथलाच्या वजनातली वाढ तेवढीच होती. भस्म होताना आतली हवा धातूने घेतली होती, आणि तिची जागा भरायला बाहेरची हवा धावली होती.

पण सगळी हवा की हवेतला काही भाग? हे कोडं सोडवायला त्याला बाहेरची मदत मिळाली, आणि ती त्याने मोकळेपणाने कबूल केली नाही. इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टलीने १ ऑगस्ट १७७४ ला पाऱ्याचं लाल भस्म भिंगाखाली तापवून एक वायू मिळवला होता. त्यात मेणबत्ती भगभगून जळायची. ऑक्टोबरात पॅरिसला आल्यावर लाव्हाझिएच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याने हे सांगितलं. त्याच सुमाराला स्वीडनमधल्या शेले या औषधविक्याने आपल्या अशाच शोधाबद्दल लाव्हाझिएला पत्र लिहिलं होतं. पुढच्या वर्षी लाव्हाझिएने आपला निबंध वाचला तेव्हा दोघांच्याही नावाला त्यात नीट जागा नव्हती. त्याची बाजू घ्यायचीच तर एवढंच म्हणता येतं की वायू त्या दोघांनी आधी मिळवला, पण तो काय आहे हे दोघांनाही कळलं नाही. प्रीस्टली त्याला शेवटपर्यंत 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' म्हणत राहिला.

लाव्हाझिएने पाऱ्यावर केलेला प्रयोग मला त्याच्या सगळ्या कामात देखणा वाटतो. चार औंस पारा आणि पन्नास घन इंच बंदिस्त हवा. पारा बारा दिवस जवळजवळ उकळत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यावर लाल कण तरंगायला लागले, काही दिवस वाढत गेले, मग थांबले. बारा दिवसांनी हवा बेचाळीस-त्रेचाळीस घन इंच उरली होती. तिच्यात ज्योत लगेच विझायची, प्राणी गुदमरायचा. लाल कण गोळा केले, ४५ ग्रेन (तेव्हाचं एक छोटं वजन) भरले. ते वेगळे जोरात तापवले तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि सात-आठ घन इंच वायू सुटला. या वायूत ज्योत झगझगीत पेटायची. मग तो वायू उरलेल्या मेल्या हवेत परत सोडला, आणि साधी हवा तयार झाली. हवा उलगडली, तोलली, पुन्हा जुळवली. हवा हे एकच तत्त्व नाही, तिच्यातला काही भागच जळण्यात कामाला येतो, आणि जळणं म्हणजे पदार्थाने तो भाग घेणं. त्या भागाला त्याने ऑक्सिजन हे नाव दिलं. या वायूशिवाय कुठलंही आम्ल होत नाही, अशी त्याची समजूत होती आणि ती नावातही उतरली (ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल घडवणारा'). पुढे इंग्लंडच्या डेव्हीने दाखवलं की संडास धुवायच्या बाटलीत असतं त्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. पण तोवर नाव रुळलं होतं.

पाणीही मूलतत्त्व नाही, हायड्रोजन जळून पाणी होतं, हे त्याने १७८३ मध्ये दाखवलं (इथेही आधीचा प्रयोग इंग्लंडच्या कॅव्हेंडिशचा). १७८७ मध्ये तिघा सहकाऱ्यांबरोबर त्याने रसायनांची नावं नव्याने ठरवली. पदार्थ कशाचा बनलाय ते नावातच दिसावं, हा नियम. कॉपर सल्फेट म्हटलं की आत तांबं आणि गंधक आहे हे समजतं, मोरचूद म्हटल्याने समजत नाही. १७८९ च्या ग्रंथात ३३ मूलतत्त्वांची यादी आली. त्यात प्रकाश आणि उष्णता हीही दोन तत्त्वं होती. दोन्ही चुकीची.

या ग्रंथातली तेरा चित्रपृष्ठं त्याच्या बायकोने, मारी-ॲनने काढलेली. लाव्हाझिएशी लग्न झालं तेव्हा, डिसेंबर १७७१ मध्ये, ती तेरा वर्षांची होती आणि तो अठ्ठावीस. वडील झाक पोल्झ, तेही करमक्तेदार. तिच्या मागे एका म्हाताऱ्या उमरावाचं स्थळ लागलं होतं, ते टाळायला बापाने घाईने हे लग्न लावलं. ती इंग्रजी शिकली, नवऱ्याला येत नव्हती म्हणून. फ्लॉजिस्टनवरचं कर्वान या आयरिश शास्त्रज्ञाचं पुस्तक तिने फ्रेंचमध्ये आणलं, आणि छापलं ते त्यातल्या मुद्द्यांचं खंडन जोडून. चित्रकला शिकली ती झाक-लुई दाव्हिदकडे. प्रयोगांच्या नोंदवह्यांत तिचं अक्षर जागोजागी आहे.

श्वासावरच्या प्रयोगाचं तिने काढलेलं एक चित्र आहे. एक माणूस तोंडाला नळी लावून बसलाय आणि ती स्वतः बाजूच्या टेबलाशी नोंदी घेतेय. श्वास म्हणजे मंद जळणंच, हे लाव्हाझिएने आधी गणितज्ञ लाप्लासबरोबर गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून आणि वितळलेलं पाणी मोजून ताडलं होतं. आता माणसावर मोजताना दिसलं की काम करणारा माणूस बसून राहणाऱ्यापेक्षा बराच जास्त ऑक्सिजन घेतो. इथे त्याने निबंधात एक प्रश्न घातला. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाचं शरीर जास्त जळतं, त्याला जास्त अन्न लागतं, मग त्याच्याच ताटात कमी आणि बसून खाणाऱ्याच्या ताटात जास्त, असं का? साल १७८९. पॅरिसचा बस्तीय (बॅस्टिल) तुरुंग लोकांच्या हाती पडला ते साल. क्रांतीकडून त्याला खऱ्या आशा होत्या. प्रांतिक सभेत बसून त्याने वेठबिगारीविरुद्ध मांडलं होतं, दुष्काळात गावांना धान्यासाठी पैसे दिले होते.

पण लोकांच्या डोळ्यांसमोर भिंत होती.

नाशिकमध्ये जकात २०१३ पर्यंत होती. नाक्यावरची ट्रकांची रांग, पावत्या, चुकवून आत येणाऱ्या गाड्या, हे सगळं चाळिशीपुढच्या नाशिककरांनी बघितलंय. पॅरिसमध्येही शहरात येणाऱ्या वाइनवर, मांसावर, सरपणावर जकात होती आणि ती चुकवणं हा मोठा धंदा होता. लाव्हाझिएने हिशोब केला की शहरात खपणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा जकात न भरताच आत येतोय. आवक आणि खप यांचा मेळ बसत नव्हता, म्हणजे कुठेतरी गळती होती. प्रयोगात त्याने भांड्याचं तोंड वितळवून बंद केलं होतं, इथे शहराभोवती भिंत घालायचं सुचवलं. १७८४ पासून ती बांधायला लागले. सुमारे २४ किलोमीटर लांब, ठिकठिकाणी देवळांसारखे खांब असलेले भव्य जकात नाके, खर्च कोट्यवधीत. भाकरी महाग, आणि मक्तेदार संगमरवरी थाटात कर गोळा करतात, ही चीड जुलै १७८९ मध्ये बाहेर पडली. बस्तीयच्या दोन दिवस आधीपासून लोकांनी आधी हे नाके जाळले.

त्याच्याकडे आणखी एक स्फोटक खातं होतं, शब्दशः. १७७५ पासून तो सरकारी तोफदारूच्या कारखान्यांचा एक संचालक होता. फ्रान्सला सोरा, म्हणजे तोफदारूतला मुख्य क्षार, पुरत नव्हता. तो गोळा करणारे लोक कोणाच्याही तळघरात खणायला घुसत. ते त्याने आवरलं, सोऱ्याचे ढीग शास्त्रशुद्ध पद्धतीने लावायला शिकवलं, आणि काही वर्षांत फ्रान्सची तोफदारू युरोपात नावाजली गेली. अमेरिकेने इंग्रजांशी लढा दिला त्यात ही दारू होती. त्याची घर-प्रयोगशाळाही शस्त्रागारातच होती. ऑगस्ट १७८९ मध्ये तिथून दारूने भरलेली एक नाव निघाली, लोकांना वाटलं ती शत्रूकडे चाललीय, आणि जमाव लाव्हाझिएच्या अंगावर आला. कागद दाखवून तो थोडक्यात वाचला.

जानेवारी १७९१ मध्ये मारा या जहाल पत्रकर्त्याने त्याच्यावर आग पाखडली. भिंत बांधून पॅरिसची हवा कोंडली, तंबाखू भिजवली, तोफदारू पळवली. मारा आधी वैद्य होता आणि दहा वर्षांपूर्वी त्याने आगीवर लिहिलेल्या पुस्तकाला अकादमीने भाव दिला नव्हता. म्हणून माराने सूड घेतला आणि लाव्हाझिएला मारलं, अशी गोष्ट नेहमी सांगतात. ती अर्धीच आहे. लाव्हाझिएला अटक झाली तेव्हा माराचा स्वतःचा खून होऊन चार महिने लोटले होते.

मक्ता १७९१ मध्ये रद्द झाला. लाव्हाझिए नव्या सरकारचंच काम करत होता, खजिन्यात आणि वजनमापांच्या समितीवर. ठरावीक आकारमानाच्या पाण्याचं नेमकं वजन काढून किलो ठरवायचा, हे मोजमाप त्याने आउई या खनिजशास्त्रज्ञाबरोबर केलं. लासलगावच्या काट्यावर कांद्याचं वजन ज्या किलोत होतं त्याची ही सुरुवात. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बरखास्त झाली. नोव्हेंबरात जुन्या मक्तेदारांना पकडायचा हुकूम निघाला. काही दिवस तो लपला, मग सासऱ्यासह स्वतः हजर झाला.

मक्तेदारांवरचा मुख्य आक्षेप होता की मक्त्याचा शेवटचा हिशोब दिलेला नाही. म्हणून त्यांना त्यांच्याच जुन्या कचेरीत, कागदपत्रांजवळ कोंडलं, हिशोब पुरा करा म्हणून. हिवाळाभर लाव्हाझिए तिथे वह्या जुळवत बसला. हिशोब सादर झाला. आरोप मग जादा व्याजाचे, तंबाखूत प्रमाणाबाहेर पाणी घातल्याचे आले. यांना कायद्यात मृत्युदंड नव्हता, तेव्हा देशाच्या शत्रूंशी कट केल्याचं कलम जोडलं. बोर्दा आणि आउई यांनी वजनमाप समितीतर्फे त्याला सोडा म्हणून अर्ज केला होता, उपयोग झाला नाही. रसायनांच्या नव्या नावांच्या कामात सोबत असलेले गितों द मॉर्वो आणि फूर्क्रुआ क्रांतीच्या गोटात वजनदार होते. तिकडूनही सुटका आली नाही. शेवटच्या दिवसांत एका नातलगाला त्याने लिहिलं की आयुष्य बऱ्यापैकी लांब आणि सुखाचं गेलं, आता म्हातारपणाचे त्रास तरी वाचतील.

८ मे १७९४. सकाळी खटला, दुपारी निकाल, त्याच दिवशी २८ मक्तेदारांना गिलोटिनवर चढवलं. सासरा तिसरा, तो चौथा. वय पन्नास.

या दिवसाभोवती दोन दंतकथा आहेत. 'प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही' असं न्यायाधीश म्हणाला, याला त्या वेळचा पुरावा नाही. दुसरी समाजमाध्यमांवर दर वर्षी फिरते: मान तुटल्यावर डोळे किती वेळ मिचकावले जातात हे त्याने मित्राला मोजायला सांगितलं. तीही नंतर रचलेली. ज्या दिवशी ओळीने अठ्ठावीस जणांना मारलं, त्या दिवशी पाटापाशी कोणा मित्राला मोजत उभं राहू दिलं असेल, हे मानायलाच कठीण आहे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रीस्टली जहाजाने अमेरिकेला निघाला होता. फ्रेंच क्रांतीच्या बाजूने बोलतो म्हणून बर्मिंगहॅममध्ये जमावाने १७९१ मध्ये त्याचं घर आणि प्रयोगशाळा जाळली होती. ऑक्सिजनच्या वाटेकऱ्यांपैकी एकाला क्रांतीचा शत्रू म्हणून मारलं, दुसऱ्याला क्रांतीचा मित्र म्हणून हाकललं.

लाव्हाझिए गेल्यावर तीन महिन्यांच्या आत क्रांतीच्या या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएरही त्याच पात्याखाली गेला. मारी-ॲनने एकाच दिवशी नवरा आणि बाप गमावले, घरदार जप्त, काही काळ स्वतः तुरुंगात. पुढे तिने कागद, पुस्तकं, उपकरणं सगळं परत मिळवलं आणि नवऱ्याचे अपुरे राहिलेले निबंध स्वतः छापले. ज्यांनी संकटात तोंड फिरवलं त्यांना तिने माफ केलं नाही. ती १८३६ पर्यंत जगली.

दोघांचं एक मोठं तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दाव्हिदने १७८८ मध्ये काढलेलं, सात हजार लिव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेऊन. तो टेबलाशी लिहितोय, ती खांद्यावर हात ठेवून उभी, टेबलावर आणि पायाशी काचेची उपकरणं. विज्ञानाच्या पुस्तकांत हे चित्र हमखास असतं. १७८९ च्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं, पण तोफदारूच्या नावेचं प्रकरण ताजं होतं म्हणून ठेवलं नाही. २०२१ मध्ये संग्रहालयाने क्ष-किरण आणि अवरक्त किरणांनी रंगाखालचे थर तपासले. खाली आधीचं चित्र निघालं. त्यात मारी-ॲनच्या डोक्यावर फिती-फुलांची प्रचंड फॅशनेबल टोपी आहे, टेबल नक्षीदार आणि उघडं, आणि उपकरण एकही नाही. आधी बसले होते ते एक श्रीमंत करमक्तेदार आणि त्याची बायको. काचेची भांडी नंतर, वरून रंगवली आहेत.